काळ्या पाषाणाच्या मुलखात जीवाश्म: कोल्हापूरकरांसाठी ओळख, जमवणूक आणि जपणूक

जोतिबाचा डोंगर, पन्हाळ्याचे कडे, खडीच्या खाणी, जुन्या वाड्यांची जोती, सगळीकडे दगड एकच: बसाल्ट, म्हणजे आपला काळा पाषाण. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा वाहत आला आणि थरावर थर चढत गेले. लाव्ह्याचं तापमान हजार अंश सेल्सिअसच्या वर असतं. त्यात शिंपला, पान किंवा हाड टिकत नाही. मसाई पठारावरचा जांभा हाही त्याच बसाल्टचा लाखो वर्षं पाऊस-वाऱ्यात सडून झालेला दगड. म्हणून कोल्हापुरात हा छंद लावून घेताना पहिल्याच दिवशी एक गोष्ट मान्य करायची: गावाबाहेरच्या डोंगरावर सापडलेला विचित्र आकाराचा दगड बहुतेक वेळा जीवाश्म नसतो.

यानं हिरमुसायचं कारण नाही. खोटं ओळखता आलं की खरं ओळखणं सोपं जातं, आणि खोट्यांचा सराव करायला कोल्हापूरइतकी चांगली जागा मिळणार नाही. दुसरी गोष्टही सुरुवातीलाच सांगतो, कारण पुढची सगळी कृती तिच्याभोवती आहे. जीवाश्माची किंमत तो कुठल्या थरातून, कुठल्या जागेवरून आला यात असते. जागेची नोंद नसलेला सुंदर शंख ही शोभेची वस्तू आहे; नोंद असलेला फुटका शंख अभ्यासाला उपयोगी पडतो.

फसवणारे दगड

सगळ्यात जास्त फसवते ती काळी नक्षी. दगड फोडला की भेगेवर नेच्याच्या पानासारखी, शेवाळ्यासारखी फांद्याफांद्यांची आकृती दिसते. ही मँगनीजच्या ऑक्साइडची पुटं असतात. भेगेतून झिरपणारं पाणी ती मागे ठेवतं. दहा पटीच्या भिंगाखाली तीन गोष्टी पाहा. पानाला मधली शीर असते आणि तिला ठरावीक अंतरावर उपशिरा फुटतात. नक्षीत शीर नसते, सगळ्या फांद्या सारख्याच जाडीच्या असतात. पानाला कड असते. नक्षी वाटेल तिथे संपते. तिसरी खूण सगळ्यात खात्रीची: नक्षी जवळजवळ नेहमी भेगेच्या कडेपासून आत पसरत जाते, जणू कडेवर मुळं रोवून उगवली आहे. पान असं कडेला धरून बसत नाही.

त्यानंतर 'डायनासोरचं अंडं'. रस्ता रुंद करताना डोंगर कापला की मऊ मुरमात गोल गोल धोंडे दिसतात, आणि त्यांच्यावर कांद्यासारखे पापुद्रे सुटलेले असतात. बसाल्टला चौकोनी भेगा पडतात, पाणी कोपऱ्यांवर तीन बाजूंनी काम करतं, कोपरे आधी झिजतात आणि ठोकळ्याचा गोळा होतो. खऱ्या अंड्याला कवच एकच असतं, साधारण एक ते तीन मिलिमीटर जाडीचं, आणि भिंगाखाली त्याच्या पृष्ठभागावर बारीक पुटकुळ्या किंवा छिद्रं दिसतात. चार-पाच पापुद्रे एकाखाली एक सुटत असतील तर ते अंडं नाही. भारतात डायनासोरची अंडी सापडतात ती मुख्यतः गुजरातमध्ये बालासिनोरजवळ आणि मध्य प्रदेशात, लाव्ह्याच्या खालच्या चुनखडीयुक्त गाळाच्या थरांत.

खाणीतल्या पोकळ्यांत मिळणारी पांढरी फुलं, चवऱ्या आणि पंखे हे झिओलाइट गटातले स्फटिक. सुयांचे झुपके एका बिंदूतून फुटलेले असतात, म्हणून ते प्रवाळासारखे वाटतात. प्रवाळात नळ्या किंवा कप्पे दिसतात. इथे नुसत्या चकाकणाऱ्या सुया. हे जीवाश्म नाहीत, पण जपण्यासारखे जरूर आहेत. त्यांची पेटी वेगळी ठेवा.

नदीकाठी आणि काळ्या रानात नांगराला लागणारे पांढरे, बोटासारखे, मध्ये भोक असलेले खडे म्हणजे मातीतली चुनखडी. अनेकदा ती जुन्या मुळांभोवती जमते, म्हणून नळीसारखी होते आणि लोकांना हाड वाटते. हाडाची आडवी मोड भिंगाखाली धरा. बाहेरचा थर घट्ट आणि आत पावासारखी जाळी, अशी दोन भागांची रचना दिसली तर हाड. आतून-बाहेरून सारखीच भुसभुशीत, त्यात मातीचे कण अडकलेले, तर चुनखडी. जिभेला चिकटतं ते हाड, असं सांगितलं जातं, पण सच्छिद्र चुनखडीही चिकटते. शिवाय नदीकाठचा दगड तोंडात घालू नये.

हाड आहे हे ठरलं, तरी ते म्हशीचं आजचं आहे की जुनं? ज्वारीच्या दाण्याएवढा तुकडा चिमट्यात धरून काडीच्या ज्योतीवर न्या. केस जळल्यासारखा वास आला तर त्यात प्रथिनं शिल्लक आहेत, म्हणजे हाड अलीकडचं. वास नाही, वजन आकाराच्या मानानं जास्त आणि टिचकी मारली की मातीच्या कौलासारखा आवाज, असं असेल तर ते बाजूला ठेवून पुढची चौकशी करायची. ही परीक्षा आधीच सुटलेल्या कणावर करा, मूळ नगावर नाही.

मग खरे कुठे बघायचे?

पहिली जागा घरातच आहे. अनेक घरांच्या देवघरातला शाळिग्राम हा नेपाळमधल्या काली गंडकीच्या पात्रातून आलेला असतो, आणि ज्यात चक्र दिसतं तो बहुतेकदा अमोनाइट, म्हणजे ज्युरासिक काळातल्या समुद्रातला कवचधारी प्राणी. त्याच्यावरची चक्राची रेघ ही कवचाची वेटोळी. खऱ्या चक्रावर बाहेरच्या बाजूला जाताना उभट रेषा बऱ्याचदा दोन फांद्यांत फुटतात आणि वेटोळी आत जाताना एकसारखी बारीक होत जातात. यंत्रानं कोरलेल्या चक्रात रेषांची खोली सगळीकडे सारखी असते, आणि राळेच्या नकलेत साच्याची शिवण व हवेचे बुडबुडे सापडतात. पूजेतल्या शाळिग्रामावर कुठलीही परीक्षा करू नका, फक्त भिंगातून पाहा. आत कधी सोनेरी चकाकी असते. तो पायराइट, म्हणजे लोखंड आणि गंधकाचं खनिज. ओल राहिली तर तो सडतो, म्हणून स्नानानंतर शाळिग्राम सुती कापडानं टिपून पूर्ण वाळू द्यावा.

दुसरी जागा फरशीची दुकानं. शहाबादी, कडप्पा आणि कोटा या तिन्ही फरश्यांत शंख-शिंपले शोधू नका. हे थर शिंपलेवाले प्राणी जन्माला येण्याआधीचे आहेत. पण जैसलमेरचा पिवळा दगड ज्युरासिक समुद्रातला आहे आणि त्यात शिंपल्यांचे आडवे छेद दिसतात. जर्मनीहून येणाऱ्या जुरा नावाच्या फिकट तपकिरी फरशीत अमोनाइटची वेटोळी आणि बेलेम्नाइटचे (माकुळासारख्या जुन्या समुद्री प्राण्याचे) बंदुकीच्या गोळीसारखे छेद मिळतात. एखाद्या मॉलच्या किंवा हॉटेलच्या पायरीवर ही फरशी दिसली तर थांबून पाहा. छेद ओळखण्याचा सराव इतका स्वस्तात दुसरीकडे होत नाही: एकच शंख उभा कापला तर वेगळा, आडवा कापला तर वेगळा दिसतो.

आता बाहेर. जिल्ह्याच्या दक्षिणेला आजरा, गडहिंग्लज, चंदगड, भुदरगड या भागांत बसाल्टच्या खालचे कलादगी गटाचे वाळूचे खडक उघडे पडतात. ते शंभर कोटी वर्षांहून जुने. त्यांवर लाटांच्या खुणा सुरेख दिसतात, पण हाडं-शिंपले नाहीत. याच गटाच्या चुनखडीत बागलकोट-लोकापूर भागात स्ट्रोमॅटोलाइट आहेत: सूक्ष्मजीवांच्या चटयांनी एकावर एक रचलेले घुमटाकार थर, कापलेल्या कोबीसारखे. ते पाहायचे आणि फोटो काढायचा, तोडायचे नाहीत.

गडहिंग्लज-चंदगडच्या वाचकांसाठी महत्त्वाची गोष्ट घटप्रभेची. रॉबर्ट ब्रूस फूट या भूवैज्ञानिकानं गोकाकजवळ नदीच्या जुन्या गाळात गेंड्याचे अवशेष शोधले आणि १८७४ साली त्यांचं वर्णन प्रसिद्ध केलं. त्या गेंड्याला नाव दिलं दख्खनवरूनच: 'ऱ्हायनोसेरस डेक्कनेन्सिस'. हिरण्यकेशी त्याच घटप्रभेला मिळते. गोदावरीच्या जुन्या गाळातही हत्ती आणि रानबैलांची हाडं सापडली आहेत. तेव्हा आपल्याकडे खरं, जागेवरचं काही सापडायची आशा असेल तर ती काळ्या पाषाणात नाही, नद्यांच्या जुन्या गाळात आहे. ओढ्यानं कापलेल्या उभ्या दरडीत, काळ्या मातीच्या खाली, गोट्यांचा चुनखडीनं घट्ट झालेला थर दिसतो. तिथे नजर ठेवायची. पावसाळा ओसरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, दरडी ताज्या धुतलेल्या असतात.

घाट उतरून गेलात तर रत्नागिरी-सिंधुदुर्गात जांभ्याखालच्या चिकणमातीत लिग्नाइट, म्हणजे अर्धवट कोळसा झालेलं लाकूड, मिळतो. विहीर खणताना काळं, हलकं, लाकडासारखं काही निघालं तर ते तेच. किनाऱ्यावर काही ठिकाणी चुन्यानं सांधलेला शिंपल्यांचा दगडही आहे, पण तो भूशास्त्राच्या हिशेबात अगदी कालचा.

लांबचा प्रवास करायचा तर कच्छ आणि तमिळनाडूतलं अरियलूर ही अमोनाइटची नावाजलेली ठिकाणं. महाराष्ट्रातच पाहायचं असेल तर गडचिरोलीत सिरोंच्याजवळचं वडदम जीवाश्म उद्यान: दगड झालेले झाडांचे ओंडके आणि त्याच परिसरातली डायनासोरची हाडं. उद्यानातून खडाही उचलायचा नाही.

काय उचलायचं नाही

राधानगरी अभयारण्य, चांदोली राष्ट्रीय उद्यान आणि कोणतंही राखीव जंगल इथून दगड आणू नका. पन्हाळ्याच्या तटाजवळ हातोडी बाहेरही काढू नका. ते संरक्षित स्मारक आहे. खासगी रानात मालकाला विचारा आणि काय उचललं ते दाखवा. खाणीत सुरुंग आणि यंत्रं असतात, म्हणून मुकादमाची परवानगी आणि डोक्यावर हेल्मेट, दोन्ही हवेत.

पंचगंगेच्या काठची ब्रह्मपुरी टेकडी वेगळी समजून घ्या. तिथे १९४५-४६ मध्ये उत्खनन झालं आणि सातवाहन काळातली वस्ती उघडी पडली. अशा टेकडीच्या कडेला हाड, खापर, शंखाची बांगडी दिसली तर ते जीवाश्म नाही, पुरावस्तू आहे. तिला १९७२ चा पुरावशेष कायदा लागू होतो. हाडाच्या शेजारी खापराचा किंवा विटेचा एक तुकडा जरी दिसला, तरी हात मागे घ्यायचा.

झोळीत काय असावं

गवंड्याची एक किलोच्या आतली हातोडी, दोन छिन्न्या (एक टोकदार, एक चपटी), डोळ्यांना गॉगल. गॉगलशिवाय एकही घाव नको. बसाल्टची कपची काचेसारखी उडते. साध्या छिन्नीचं टोक काळ्या पाषाणावर दोन घावांत बसतं, म्हणून उद्यमनगरात एखाद्या लोहाराकडून तिला नीट पाणी देऊन घ्या. दहा पटीचं भिंग गुजरीत सराफी सामानाच्या दुकानात मिळतं. भिंग डोळ्याला चिकटवून धरायचं आणि दगड जवळ आणायचा. बहुतेक नवखे उलटं करतात आणि काही दिसत नाही म्हणतात.

बाकी: रंगाचा जुना ब्रश, झाकणाच्या पिशव्या, मऊ टिश्यू पेपर, रद्दी, पाण्यानं न पुसणारं पेन, जाड पुठ्ठ्याची वही, मोजपट्टी. कापूस नको. त्याचे धागे खडबडीत पृष्ठभागात अडकतात आणि काढताना शंखाचं टोक घेऊन येतात.

नोंद, तीही जागेवरच

उचलण्याआधी दोन फोटो: एक दहा पावलांवरून, थर कुठला ते कळेल असा, एक जवळून, शेजारी मोजपट्टी ठेवून. मग मोबाइलवरचे अक्षांश-रेखांश वहीत लिहा. नुसत्या मोबाइलवर विसंबू नका. चिठ्ठीवर हे सगळं हवं:

क्रमांक: गडहिं–२४–०७
जागा: गाव, ओढ्याचं नाव, डावा की उजवा काठ, जवळची कायमची खूण
अक्षांश-रेखांश
थर: वरून किती फूट खाली, वर काय, खाली काय
थरातच होता की घरंगळून खाली पडलेला
तारीख, कोणी उचलला

'थरात की पडलेला' ही ओळ लोक हमखास गाळतात. पडलेला नग वरच्या कुठल्याही थरातला असू शकतो, म्हणून त्याच्यावरून थराचं वय ठरवता येत नाही. चिठ्ठी पिशवीच्या आत एक आणि बाहेर एक. घरी जाऊन लिहू म्हटलं की दोन ओढ्यांचे दगड एक झालेच म्हणून समजा.

दरडीत मोठं हाड दिसलं तर उपसू नका. बाहेर दिसतं ते टोक. आत किती आहे ते कळत नाही, आणि ओढलं की जुनं हाड बिस्किटासारखं तुटतं. फोटो, जागा आणि वर एक पाटी मातीची झाकण. मग पुण्याच्या डेक्कन कॉलेजला कळवा. नदीगाळातल्या प्राण्यांच्या हाडांचा अभ्यास तिथे होतो.

चिखलातून शंख काढण्याचा सराव

गेंड्याची वाट पाहत बसण्यापेक्षा हा सराव आधी करा. खर्च नाही, आणि निवडणं, नोंद, ओळख, साठवण, सगळं हाताखालून जातं.

नदीच्या जुन्या गाळाच्या दरडीखाली पडलेलं ढेकूळ घ्या, साधारण दोन किलो. त्यात पांढरे ठिपके दिसत असतील ते निवडा. गच्चीवर कागदावर पसरून दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवा. ही पायरी सगळ्यात महत्त्वाची आहे. पूर्ण वाळलेली चिकणमाती पाण्यात टाकली की आपोआप फुटते, कारण पाणी एकदम आत शिरतं आणि आतली हवा ढेकूळ उसवते. अर्धवट ओली माती मात्र लादीसारखी राहते, आणि मग माणूस ती चोळतो आणि शंख मोडतो.

वाळलेली ढेकळं बादलीत ठेवून वर चार लिटर पाणी आणि एक मोठा चमचा धुण्याचा सोडा. रात्रभर हात लावू नका. सकाळी वरचं गढूळ पाणी ओतून द्या, पण तरंगणारे शंख आधी चहाच्या गाळणीनं टिपून घ्या. रिकाम्या शंखात हवा असते, ते वर येतात आणि गढूळ पाण्याबरोबर निघून जातात. उरलेला लगदा पिठाच्या बारीक चाळणीत घालून नळाच्या हलक्या धारेखाली हलवा. बोटानं दाबू नका. मागे वाळू, चुनखडीचे खडे आणि शंख राहतात. ते कागदावर सावलीत वाळवा.

वाळल्यावर काळ्या कार्डशीटवर चमचा-चमचा पसरा. चित्रकलेचा सगळ्यात बारीक ब्रश ओठानं नाही, पाण्यात बुडवून ओला करा. टोकाला शंख आपसूक चिकटतो. लांबट, स्क्रूसारखा पिळलेला तो मेलॅनॉइडिस. पोटाला गोल आणि टोकाला बुटका तो बेलाम्या. जिलेबीसारखा चपटा गुंडाळलेला तो इंडोप्लॅनॉर्बिस. शिंपल्याचे मोत्यासारखे चकाकणारे तुकडे बहुधा लॅमेलिडेन्सचे. आजच्या शंखावर तपकिरी-हिरवट साल असते. जुन्या गाळातला शंख खडूसारखा पांढरा, बिनसालीचा आणि हाताला पीठ लागेल असा असतो. दोन्ही सापडले तर ढेकळात वरचा आजचा गाळ मिसळला आहे, हे चिठ्ठीवर लिहा.

नागपूर आणि छिंदवाडा भागात लाव्ह्याच्या दोन थरांमधल्या तळ्यांच्या गाळात असेच गोड्या पाण्यातले शंख दगड होऊन मिळतात. फायसा हा त्यांतला प्रसिद्ध. मुंबईत वरळीला तशाच थरांत बेडकांचे सांगाडे मिळाले. आपल्याकडे असे तळ्यांचे थर मिळत नाहीत. पण तळ्याच्या गाळात शंख कसा बसतो, हे पंचगंगेच्या ढेकळातून नीट कळतं.

साफसफाई

आधी कोरडा ब्रश. मग एका कोपऱ्यावर पाण्याचा थेंब. कोपरा फुगला, सुटला, चिखल झाला तर पाणी बंद. अशा चिखलाच्या पापुद्रेदार दगडाला (शेल) आणि मऊ हाडाला पाणी चालत नाही. टिकला तर मऊ टूथब्रश आणि साधं पाणी. पितळी-लोखंडी ब्रश लावू नका, धातूची रेघ राहते.

घट्ट चिकटलेला दगड काढायचा तर सुई जीवाश्माकडे नव्हे, जीवाश्मापासून दूर रोखून ढकला आणि दर दोन मिनिटांनी भिंगातून पाहा. दगड आणि कवच यांच्यात रंगाची रेघ असते. ती दिसेनाशी झाली की थांबायचं.

आम्ल घरी वापरायचं ते फक्त ओळखीसाठी आणि फक्त सुटलेल्या कपचीवर. स्वयंपाकघरातलं व्हिनेगर पुरतं: कपची थोडी खरवडून भुकटीवर थेंब टाका, फसफसली तर चुनखडी. संडास साफ करायचं आम्ल जीवाश्मावर ओतणं ही सर्रास होणारी चूक आहे. त्यात हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. कवच स्वतःच चुन्याचं, ते दगडाच्या आधी विरघळतं. वर रंग आणि साबण आत शिरून राहतात.

गाळातलं ओलसर हाड उन्हात ठेवलं की दुपारपर्यंत तडे जातात. भोकं पाडलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत, सावलीत, दोन-तीन आठवडे हळूहळू वाळवा. लिग्नाइटचंही तसंच, आणखी सावकाश.

चिकटवणं आणि घट्ट करणं

फेविकॉल, फेविक्विक, वॉर्निश, फर्निचरचं पॉलिश यातलं काहीही नको. पांढरा डिंक ओलीत फुगतो आणि पिवळा पडतो. झटपट चिकटणारा डिंक जोड चुकला तर परत सुटत नाही. संग्रहालयांत वापरतात ती पॅरालॉइड बी-७२ नावाची राळ. दाणेदार मिळते, ॲसिटोनमध्ये विरघळते, आणि चूक झाली तर पुन्हा ॲसिटोननंच निघते. संवर्धनाचं साहित्य विकणाऱ्यांकडून ऑनलाइन मागवता येते.

भुसभुशीत हाडासाठी १०० मिली ॲसिटोनमध्ये ५ ग्रॅम. दाणे तसेच टाकले तर तळाशी गोळा होऊन बसतात. जुन्या मलमलीच्या पुरचुंडीत बांधून बरणीत वरून लोंबकळत ठेवा, सकाळपर्यंत विरघळतात. बरणी काचेची, झाकण धातूचं. ब्रशनं पातळ हात द्या, पूर्ण वाळू द्या, मग दुसरा. चकाकी आली म्हणजे जास्त झालं. ॲसिटोनच्या बोळ्यानं पुसून घ्या. तुटके जोडण्यासाठी तीच राळ घट्ट करा: १०० मिलीला ४० ते ५० ग्रॅम. जोड वाळूच्या ताटात खोचून उभा ठेवा म्हणजे सरकत नाही.

ॲसिटोनची वाफ पटकन पेट घेते. खिडकी उघडी, गॅस बंद, देवघरातलं निरांजन विझलेलं, तेव्हाच काम.

आणि हे काम जुलै-ऑगस्टमध्ये करू नका. ॲसिटोन उडताना दगड गार होतो, कोल्हापूरच्या दमट हवेतलं पाणी त्यावर धरतं आणि राळ दुधाळ पांढरी होते. हाड आतून ओलं असेल तरीही तेच घडतं. कामाचे महिने म्हणजे डिसेंबर ते मे.

क्रमांक टाकायचा तर न दिसणाऱ्या बाजूला आधी पॅरालॉइडचा छोटा ठिपका, त्यावर काळ्या शाईनं क्रमांक, वर पुन्हा राळेचा थर. थेट दगडावर लिहिलेली शाई आत मुरते, कायमची.

कोल्हापूरच्या पावसात साठवण

दोन शत्रू आहेत. पहिली ओल. पायराइट असलेला अमोनाइट साठ टक्क्यांवरच्या दमट हवेत राहिला तर त्यावर पांढरी-पिवळी भुकटी येते, गंधकाचा वास सुटतो आणि हळूहळू तुकडे पडतात. एकदा सुरू झालं की पूर्वीसारखं होत नाही, फक्त थांबवता येतं: कोरड्या ब्रशनं भुकटी झाडा, नग वेगळा करा, सिलिका जेलसह हवाबंद डब्यात घाला. जेल रंग बदलणारं घ्या. रंग बदलला की पसरून मंद आचेवर तापवून कोरडं करा आणि पुन्हा वापरा. आजारी नगाची चिठ्ठी नव्यानं लिहा, कारण त्या भुकटीतलं आम्ल कागदही खातं.

दुसरा शत्रू लाकूड. प्लायवूड आणि सागवानी कपाटातून आम्लाची वाफ निघत राहते. बंद खणात ती साठते आणि चुन्याच्या शिंपल्यांवर पांढरे केस उगवल्यासारखे स्फटिक येतात. लोक त्याला बुरशी समजून पुसतात, ते परत येतं. शिंपले लोखंडी रंगवलेल्या कपाटात किंवा पारदर्शक पॉलिप्रॉपिलीनच्या डब्यात ठेवा. डब्याच्या तळाशी पांढरा फोम, त्यात नगाच्या आकाराचा खड्डा कापलेला. पिवळा स्पंज नको, दोन-तीन वर्षांत त्याचा चिकट भुगा होतो.

२०१९ आणि २०२१ च्या महापुरात शहरातल्या सखल भागांत घरांत पाणी शिरलं, हे लक्षात ठेवून कपाट ठरवा. संग्रह तळमजल्यावर नको. नाइलाज असेल तर सगळ्यात वरच्या कप्प्यात, आणि नोंदवहीचा प्रत्येक पानाचा फोटो दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाकडेही असू द्या. नग भिजला तर धुता येतो. वही वाहून गेली तर सगळेच नग बिनपत्त्याचे होतात.

ओळख पटवायला कुणाकडे

नाव लगेच ठरवू नका. आधी दगड कुठला ते लिहा: सुरीनं ओरखडा पडतो का, व्हिनेगरनं भुकटी फसफसते का, कण दिसतात का. मग थराचं वय. मग आकार, समरूपता, वेटोळी किती, रेषा कुठे फुटतात. शेवटी नाव, तेही आधी गटापर्यंतच: 'अमोनाइट', 'गोड्या पाण्यातला गोगलगायीचा शंख'. प्रजातीचं नाव फोटोवरून टाकणं घाईचं ठरतं.

तज्ज्ञांना पाठवायचे फोटो असे काढा: खिडकीतला तिरपा उजेड डावीकडून वरून, फ्लॅश बंद, सहा बाजू, प्रत्येकात मोजपट्टी, आणि सोबत पूर्ण चिठ्ठी. सूक्ष्म जीवाश्मांसाठी पुण्याची आघारकर संशोधन संस्था, पानं-लाकूड-परागकणांसाठी लखनौची बिरबल साहनी संस्था, थर आणि खडकांसाठी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण. उत्तराला वेळ लागतो. तोवर नग त्याच क्रमांकानं ठेवा, आणि चिठ्ठीवर नावाच्या जागी पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह.